आईच्या कुकरात शिजलेली झावळी

ज्ञानदा : बाबा, एक विचारू? खरं सांगायचं हं. ही बरणीतली पूड माझीच आहे का?

विश्वास : म्हणजे काय? तुझीच. जरा बाजूला हो, चहा गार होतोय माझा.

ज्ञानदा : वर्गातली शलाका म्हणाली, तू बाबांना हे विचारूच शकणार नाहीस. आशय म्हणाला, विचारलंस तर वर्षभर स्कूल बसमधली खिडकी तुझी. मी म्हटलं, हात्तिच्या, त्यात काय!

विश्वास : मग झालं की विचारून. जिंकलीस खिडकी.

ज्ञानदा : पण उत्तर कुठे मिळालंय अजून?

राजश्री : अगं, बस की एका जागी! मघापासून नुसत्या येरझारा. उद्या प्रदर्शन तुझं, आणि चक्कर मला यायला लागलीय.

ज्ञानदा : आई, तूपण ये इकडे. तूच सांग. मागच्या शुक्रवारी आपल्या बाल्कनीत काय झालं?

राजश्री : आता ती पोथी परत नको. पाठ झालीय मला. खालच्या हारिसने, म्हणजे वॉचमन यूसुफने, रस्त्यावरच्या खजुरांच्या छाटलेल्या झावळ्या आणून दिल्या. त्या तुम्ही बापलेकींनी कॉस्टिक सोड्यात शिजवल्या. धागे वेगळे झाले, काळं पाणी वेगळं झालं. झाडाला ताठ उभं धरतं ते लिग्निन त्या काळ्या पाण्यात. व्हिनेगर ओतलं की खाली बसतं. मग त्याच्यापासून डिंक, रंग, औषधं, जे जे आज तुझे बाबा कंपनीत खनिज तेलापासून करतात ते सगळं. महिनाभर ऐकतेय. स्वप्नातसुद्धा मेल्या झावळ्याच येतात!

ज्ञानदा : शंभरपैकी शंभर! पण खाली बसलं ते कसं होतं? राखाडी. गिळगिळीत, साबुदाण्याच्या खिरीसारखं. गाळताना थेंब उतरेना. मग बाबा म्हणाले, ऑफिसच्या ओव्हनमध्ये वाळवून आणतो. आणि मंगळवारी आणली ही. चॉकलेटी, मऊसूत, विकतच्यासारखी.

विश्वास : वाळल्यावर रंग बदलतो.

ज्ञानदा : बदलू दे. पण आज सकाळी शलाकाकडे आम्ही चमचाभर पाण्यात टाकली.

विश्वास : कशाला?

ज्ञानदा : उगाच. गंमत म्हणून. विरघळली, बाबा. चमचा फिरवायच्या आत विरघळली, कोऱ्या चहासारखी. माझा गोळा मी सहा वेळा साध्या पाण्याने धुतला होता. विरघळणारा असता तर पहिल्याच वेळी बेसिनमध्ये वाहून गेला असता ना?

(विश्वास कप खाली ठेवतो. बरणीचं झाकण पुन्हा घट्ट फिरवतो. ज्ञानदाला वाटतं, बाबांनी निदान ओरडावं तरी.)

राजश्री : अहो, ती काहीतरी विचारतेय.

विश्वास : जाफरने दिली.

राजश्री : कोण जाफर?

विश्वास : ड्रिलिंगवाला. तेलाची विहीर खणताना आत चिखल सोडतात ना, तो पातळ राहावा म्हणून त्यात ही पूड घालतात. तीही लाकडातूनच निघते. म्हटलं, लिग्निनच आहे की तेसुद्धा. पाण्यात टाकून बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

ज्ञानदा : (हसू फुटून) म्हणजे तेल काढायची पूड? बाबा! माझ्या चार्टवर केवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'तेलाऐवजी झाड', आणि बरणीत तेलवाल्यांचाच माल!

राजश्री : हसतेस काय? अहो, आमच्या क्लिनिकात कुणी नमुना बदलला ना, तर दुसऱ्या दिवशी दारात उभं करत नाहीत त्याला. अकरा वर्षं मी रक्ताच्या बाटल्यांवर नावं लिहितेय. एकदा चूक नाही. आणि माझ्याच घरात हे?

विश्वास : राजश्री, ही पहिल्यांदा लोकांसमोर उभी राहतेय. मागच्या वर्षी गॅदरिंगला दोन ओळी बोलायच्या होत्या, तर तुझ्या ओढणीत तोंड लपवून घरी आली. उद्या परीक्षक आमच्या कंपनीतले. निवड झाली तर पुढच्या फेरीला दुबईला जायचंय. आणि हातात काय, तर राखाडी चिकट गोळा! हसले असते लोक.

ज्ञानदा : मागच्या वर्षीची ती मी वेगळी होते! आणि हसू देत. पण राखाडी झालं कशामुळे, ते सांगा ना. आठवडाभर वही चाळतेय. व्हिनेगर जास्त झालं? झावळी नीट वाळली नव्हती? काय चुकलं माझं?

विश्वास : तुझं काहीच चुकलं नाही.

ज्ञानदा : मग?

विश्वास : कुकर.

राजश्री : माझा कुकर? माझ्या आईने दिलेला, नाशिकहून इकडे परदेशी येताना विमानात मांडीवर घेऊन आले होते मी. तुम्हीच काढून दिलात तिला, 'जुनाच आहे, घे' म्हणून! परवा घासायला घेतला, तर आतून हे खळगे. म्हटलं, याला देवी आल्या की काय!

विश्वास : अॅल्युमिनियमचा आहे तो. कॉस्टिक अॅल्युमिनियमला खातं. कुकरचं अॅल्युमिनियम काळ्या पाण्यात उतरलं, आणि व्हिनेगर पडल्यावर लिग्निनबरोबर तेही खाली बसलं. म्हणून राखाडी. म्हणून गिळगिळीत.

ज्ञानदा : पण हे तर तुम्हाला…

विश्वास : मला माहीत असायला हवं होतं. वीस वर्षं झाली या धंद्यात. गेल्याच महिन्यात माझ्या हाताखालच्या शत्रुघ्नने कॉस्टिकच्या पंपाखाली अॅल्युमिनियमची बादली ठेवली होती. सगळ्या शिफ्टसमोर झापलं मी त्याला. 'डिग्री विकत घेतलीस का?' म्हणालो. त्याचा मुलगा तुझ्याच शाळेत आहे, उद्या शत्रुघ्नही येईल बघायला. आणि इथे मी स्वतःच्या हाताने माळ्यावरून कुकर काढून दिला. डोक्यात लख्ख उजेड पडला, तेव्हा तू व्हिनेगर ओतत होतीस.

ज्ञानदा : मग तेव्हाच सांगायचं ना!

विश्वास : नाचत होतीस तू. आणि… लाज वाटली गं.

राजश्री : आता काय करायचं? बाईंना फोन करून सांगायचं, की हिचं नाव काढा?

ज्ञानदा : नाव कशाला काढायचं? बाबा, माझा गोळा टाकून दिलात?

विश्वास : नाही. गाडीच्या डिकीत आहे. टाकवेना. डब्यावर तू लावलेली चिठ्ठीही तशीच आहे, तारखेसकट.

राजश्री : चला, चिठ्ठी लावायला तरी घरात कुणी माझ्याकडून शिकलं.

ज्ञानदा : द्या किल्ली.

विश्वास : अगं, या उन्हात कुठे निघालीस? आधी जरा शांतपणे बोलू.

ज्ञानदा : बोलून झालं, बाबा. आता ऐका, दोघंही. ठरलंय माझं. जाफरकाकांची पूड जाफरकाकांना परत. उद्या टेबलावर माझा राखाडी गोळा, आणि शेजारी आईचा कुकर, झाकण काढून, खळगे दिसतील असा. दुबई राहिली तर राहिली. काय झालं आणि का झालं, सगळं मी सांगणार, माइकवर. फक्त शत्रुघ्नकाकांनी विचारलं, की कुकर दिला कुणी, तर मी बोलणार नाही. ते तुम्ही सांगा. मी शेजारीच उभी असेन.