एस्मेराल्दा आलीच नाही

मी, नामे बेर्नार्दिनो कुमेस, वय ३४, धंदा सुतारकाम, राहणार देवळामागची आळी, एल तेहार, जिल्हा चिमाल्तेनांगो, ग्वाटेमाला, बस अड्ड्यावरच्या चौकीत समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, माझ्यासोबतची मुलगी नोएमी, वय चार, माझीच आहे. मी तिला पळवलेलं नाही.

आज सकाळी नऊपासून मी तिला घेऊन घरी जायला अड्ड्यावर उभा होतो. कपाळावर एस्मेराल्दा असं रंगवलेली हिरवी बस सोडून नोएमी दुसऱ्या बसमध्ये चढत नाही. मारिएला, ग्लोरिया, पुन्हा मारिएला अशा सात बस मी सोडल्या. साडेदहाला कळलं की एस्मेराल्दाचं इंजिन उतरवलंय, ती शुक्रवारपर्यंत येणार नाही. हे नोएमीला कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. मी तिला उचलून ग्लोरियात चढवू लागलो. ही माझी चूक झाली.

तिने किंकाळी फोडली, माझा कान चावला आणि रस्त्यावर लोळण घेतली. अड्ड्यावर मक्याची पेज विकणाऱ्या दोन्या, म्हणजे बाई, एउलालिया मला सकाळपासून निरखत होत्या. त्या ओरडल्या, "धरा रे मेल्याला! सात गाड्या सोडल्यान् यानं. कुणाची पोर उचललीस रे?"

"माझीच आहे, काकू."

"बापाला कुणी असं चावतं होय?"

"बापालाच चावते, काकू. परक्याच्या वाटेला जात नाही ती."

चाळीसेक माणसं जमली. एकाने दोरी आणली. पोलिसांनी मला पकडून इथे आणलं याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

नोएमीचा जन्मदाखला घरी कपाटात आहे. बायको मारित्सा शर्टांच्या कारखान्यात आहे, तिथे फोन संध्याकाळी पाचपर्यंत फाटकावर जमा असतात. खिशात दवाखान्याचा तीन आठवड्यांपूर्वीचा कागद आहे. त्यावर ऑटिझम असं लिहिलंय. पालक म्हणून बायकोचं नाव आहे, माझं नाही.

हवालदार तुबाक यांनी विचारलं, "हा आजार उतरणार कधी?"

मी म्हणालो, "आजार नाही साहेब, त्यामुळे उतरायचा प्रश्न नाही. बाकी मलाही अजून नीटसं कळलेलं नाही."

साक्षीला चौकीत आलेल्या दोन्या एउलालिया म्हणाल्या, "दृष्ट आहे. अंडं ओवाळून टाका." ते सासूबाईंनी अकरा वेळा केलंय. आता अंडं दिसलं की नोएमी खाटेखाली जाते, एवढाच गुण आला.

हवालदारांनी नोएमीला विचारलं, "बाळ, हे कोण गं?" ती चौकीतले शिक्के उंचीप्रमाणे रांगेत लावत होती. मी म्हणालो, "पप्पा म्हण गं माझे आई, म्हणजे सुटलो." तिने पुढचा शिक्का रांगेत लावला. तिने मला आजवर कधी पप्पा म्हटलेलं नाही. हे सांगितल्यावर हवालदार लिहायचे थांबले. मी म्हटलं, लिहा.

मग पंखा कुरकुरायला लागला. नोएमीने कान झाकले. खोलीत मी, हवालदार, दोन्या एउलालिया, दोरी आणणारा इसम आणि एक शिपाई अशी आम्ही पाच मोठी माणसं होतो. बटणापाशी खुद्द हवालदार उभे होते. नोएमी त्यांना वळसा घालून माझ्याकडे आली, तोंडाकडे न बघता तिने माझं मनगट धरून मला ओढत नेलं आणि माझा हात बटणावर ठेवला. मी पंखा बंद केला.

हवालदारांनी तो पुन्हा लावला. ती पुन्हा माझ्याकडेच आली. तिसऱ्या वेळी दोन्या एउलालियांनी आपला हात पुढे केला. नोएमीने तो बाजूला सारला आणि माझा घेतला.

"बापच आहे की हो मेला," दोन्या एउलालिया म्हणाल्या आणि डोळ्यांना शालीचं टोक लावलं. दोरी आणणारा इसम तेवढ्यात निघून गेला.

स्वतःचा हात पोचत असताना दुसऱ्याचा ओढायचा, ही सवय मोडायला दवाखान्यात सांगितलंय. ती आज मोडायची नाही, असं मी हवालदारांना सांगितलं व ते त्यांनी लिहून घेतलं आहे.

वरील मजकूर पंखा बंद ठेवून, मुलीला त्रास नको म्हणून हळू आवाजात मला वाचून दाखवला. तो मी बोललो तसाच व खरा आहे. सही डाव्या हाताने केली आहे, उजवा मुलीकडे आहे.