शेरूची साखळी

तुम्हाला सांगते, आमच्या घरी एक नियम होता आणि त्यावर प्रश्न विचारायचा नाही: पुरात कुत्र्याची चिंता करायची नाही, त्याला पोहता येतं.

यंदा बोरगाव मेघेत नाल्याचं पाणी घरात शिरलं. आम्ही सगळे शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढलो. शेरू अंगणात, खांबाला बांधलेला.

मला खरंच कळेना. हा नियम करणाऱ्या थोरल्या काकांना विचारलं, "मोठे बाबा, साखळीसकट कसा पोहते तो?"

"सोडला अन् कोणाले चावला तं?"

"म्हणजे बुडला तं चालते, चावला तं नाई?"

"लय शिकली तू! चूप बस."

मी गुडघाभर पाण्यात उतरले आणि शेरूला सोडवून आणलं. "हा चढल्याबिगर मी चढत नाई."

मोठ्या बाबांनी पाय आखडून शेरूपुरती जागा केली.