आजोबाची गोळी

माझी अक्कल तुमाले माहीतच आहे, तरी हे ऐका. लोक घरी गोळ्या कशा घेतात, याचा अभ्यास करायले मी दिघोरीले जात होती. तिथल्या एका आजोबाचं बीपी काही केल्या उतरेना.

मले वाटलं, गोळी चुकत असंल. आजोबा म्हणाले, "एकबी दिवस चुकली नाही, पोरी." मंग वाटलं, मीठ जास्त खात असतील. आजीनं भाजी चाखायले देली, ती पार अळणी. गोळ्यांची पाकिटंही बरोबर रिकामी. शेवटी म्हटलं, डॉक्टरले सांगून डोस वाढवूनच घेते.

तेवढ्यात चहा ठेवायले उठलेली आजी चक्कर येऊन भिंतीले टेकली. तिले खाटेवर निजवून बीपी पाहिलं, तर पार खाली.

"आजी, तुमी कोणती गोळी घेता?"

"ह्यायचीच. अर्धी हे, अर्धी मी."

"तुमाले तर बीपी नाही. मंग काहून?"

"ह्यायले एकट्यानं काही खायची सवय नाही."

वाढलेल्या डोसातला अर्धा हिच्याच पोटात गेला असता. मी दोघायले समजावलं, गोळी फक्त आजोबाची. ते गोळी घेतील तेव्हा आजीनं चार फुटाणे खायचे.

पुढच्या खेपेले आजोबाचं बीपी मस्त उतरलं होतं. मी मोठ्या ऐटीत विचारलं, "आता पुरी गोळी आजोबाच खातेत ना?"

"हो," आजी म्हणाली. "पण फुटाणे अर्धे मागतेत."