हे ‘आपण’ कोणतं?

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष माननीय सुधाकरराव, मंचावर चढू शकलेले सन्माननीय पाहुणे, आणि मंचावर चढू न शकलेले माझे सगे-सोबती,

मी खालूनच बोलते. अपंग हक्क समितीचा कार्यक्रम, अन् मंचाला चढायला नुसत्या पायऱ्या! आता मला संशय येणार नाही तर काय?

माझा स्वभावच संशयी, हे समितीत सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत मला फोटोसाठी पहिल्या बाकावर बसवायचे आणि सहलीच्या दिवशी घरी ठेवायचे. तेव्हापासून कुणी गोड बोललं की मी आधी माझ्या कुबड्या जवळ ओढते.

इंटर्नशिपला आदिलाबादला आले, तेव्हा समितीच्या देवकाबाई तीनचाकीवरून म्हणाल्या, “आपण बसावं.” सगळे हसले. बाजारहत्नूर गावची बाई, एरवी साऱ्यांना अरे-तुरे करते, अन् मलाच ‘आपण’? शिकलेली पोरगी म्हणून खिल्ली उडवतात, असं मी ठरवून टाकलं. मी खोलीत गेले की त्यांची कुजबुज थांबायची. मग संशय आणखी पक्का झाला.

एका सकाळी सगळे निघायच्या गडबडीत होते. मला कुणी काही सांगेना. देवकाबाई वळून म्हणाल्या, “मैत्री, आता आपण जावं.”

झालं! एवढ्या मानानं हाकललं मला. पिशवी उचलली आणि तडक बसस्टँडवर जाऊन बसले. रडले, खोटं कशाला सांगू? जिथं सगळे माझ्यासारखे, तिथंही मी नको असेन, तर मग जायचं कुठं?

तेवढ्यात बंडूभाऊ आले. त्यांना दिसत नाही. पांढरी काठी आपटत, “मैत्री! मैत्री!” ओरडत अख्खा स्टँड पालथा घालत होते. एका कंडक्टरला वाटलं, ते बसचं नाव विचारतात.

“काऊन बसल्या इथं? देवकाबाई आटो उभा करून राह्यली ना!”

“त्यांनीच जायला सांगितलं.”

“अवं, जावं म्हंजे आपण समद्यायनं!”

इथल्या तेलुगूत बोलल्या असत्या तर हा घोळच झाला नसता, तिथं मानाच्या ‘तुम्ही’ला एक शब्द आणि सगळ्यांच्या ‘आपण’ला दुसरा. आमची मराठी मात्र एकाच शब्दानं मानही देते आणि सोबतही नेते.

त्या दिवशी एका वरच्या मजल्यावरच्या हापिसाखाली आम्ही जिन्यापाशी ठाण मांडलं. साहेब खाली येऊन बोलेपर्यंत हलायचं नाही, याचीच ती कुजबुज होती. नवी पोर घाबरेल म्हणून माझ्यापासून लपवलेली. दुपारी देवकाबाई म्हणाल्या, “इकडं सरक वं, ऊन लागते तुले.” त्या ‘तुले’नं माझा जीव भांड्यात पडला. साहेबही शेवटी उतरले.

पण आज? मघाशी देवकाबाई पुन्हा म्हणाल्या, “आपण दोन शब्द बोलावे.” इंटर्नशिप संपली, तशी मी परकी झाले का? देवकाबाई, हे ‘आपण’ कोणतं? मान हलवू नका, मोठ्यानं सांगा.

ऐकलंत ना सगळ्यांनी? “बोल ना वं पोरी, आपल्यात का दोन-दोन आपण हायेत?”

बस्स. निरोपाची ही शाल नसती दिली तरी चाललं असतं. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, तर लेक समजून पोटात घाला.

अध्यक्षसाहेब, समारोपाचं भाषण तेवढं राहिलं आहे. आम्ही सगळे इथं खालीच आहोत.

आपण खाली यावं. हे ‘आपण’ मात्र फक्त तुमच्यासाठी आहे.