दहाव्याचा कावळा

(दुबईतलं पक्षी अभयारण्य, जानेवारीतली दुपार. लतिका आणि तिचा मुलगा रणजित. बाकावर पत्रावळीत भाताचा पिंड.)

रणजित : फ्लेमिंगो नाही चालणार का, आई?

लतिका : फ्लेमिंगो शिवून काय उपयोग? कावळाच लागतो.

रणजित : बाबांना तेच आवडायचे ना. मला वाटलं, बर्ड सँक्च्युअरी आहे, कावळे असणारच.

लतिका : अरे, कावळे आपल्या करामा वस्तीत ढिगाने. मागच्या गल्लीत, कचऱ्यापाशी. दहाव्याचा पिंड घेऊन कुणी इतक्या लांब येतं का?

रणजित : तिकडे बाल्कनीला जाळी, टेरेसला लॉक. रस्त्यावर ठेवला तर फाइन.

हनीफ (अभयारण्याचा पहारेकरी, जवळ येत) : अम्मा, इधर खाना अलाउड नहीं है.

लतिका : खाना नहीं है, भैया. इनके पापा का है. गुजर गये ना.

हनीफ : वो टोपीवाले अंकल? हर जुम्मे को आते थे?

लतिका : हां. वही.

हनीफ : बाहर पार्किंग के पास रख लो अम्मा. मैं नहीं देखा.

लतिका : चल रणजित, उचल. सांभाळून... हां, इथे कुंपणापाशी ठेव. आता मागे सरक.

रणजित : आला बघ एक. दिव्याच्या खांबावर.

लतिका : नुसता बघतोय. उतरत नाही मेला. ह्यांचा जीव अडकलाय.

रणजित : कशात?

लतिका : कशात म्हणजे? हॉस्पिटलमध्ये शेवटपर्यंत एकच घोकत होते, लतिकाचं कसं होणार. माझा व्हिसा ह्यांच्यावर, घर कंपनीचं. आणि गावात आता ओळखीचं आहे कोण?

रणजित : माझा फ्लॅट पण छोटा आहे गं. मुलं मोठी झालीत. गिरिजा म्हणते...

लतिका : मी काही म्हटलं का तुला?

रणजित : नाही. तू काही म्हणत नाहीस, त्याचाच त्रास होतो.

लतिका : ते राहू दे. हा उडाला तर परत यायचा नाही. हात जोड आणि सांग बाबांना. आईला मी माझ्याकडे ठेवून घेतो, काळजी करू नका, म्हणावं.

रणजित : आई, रविवारचं गावाचं तिकीट काढलंय तुझं. वन वे.

लतिका : हो.

रणजित : मग खोटं कसं बोलू त्यांच्याशी?

लतिका : तिकिटाचं मला माहीत आहे रे. त्यांना कुठे माहीत आहे? म्हण तू.