पडद्यामागचा नऊ नंबर

टक् टक्. येतोय ना आवाज शेवटच्या रांगेपर्यंत? माफ करा मंडळी. माईक हातात आला की बोटाने दोनदा वाजवायचा, ही माझी जुनी सवय. आज तरी ती आवरायला हवी होती.

जाधव वहिनी, नगराध्यक्ष, पालिकेतले सगळे कर्मचारी, आणि दुकानं अर्ध्यावर टाकून आलेल्या माझ्या गाववाल्यांनो, या सभागृहात मी पुष्कळ बोललो आहे. बहुतेक वेळा मोठ्याने आणि विषय सोडून. आज विषय समोर आहे, फोटोला हार घातलेला आहे, आणि मला सुरुवात सापडत नाही. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मला तुम्ही ओळखता. सदा सुर्वे. संगमेश्वराकडून आलो तो सायकलला भोंगा बांधून. लग्न, गणपती, निवडणूक, जो बोलावील त्याचा आवाज. पुढे मंडप आला, दुकान आलं, आणि तुमच्या कृपेने दोन वेळा नगरसेवकही झालो. शाळा सातवीपर्यंत. जे काय कमावलं ते या दोन कानांवर. कुठला भोंगा फाटलाय, कुठला माणूस खोटं बोलतोय, दोन्ही मला ऐकून कळतं. निदान मी तसं समजत होतो.

आणि आपले जाधव भाऊसाहेब. पालिकेचे हेडक्लार्क. आवाज इतका बारीक की माझ्या सगळ्यात महागड्या माईकलाही तो पकडता यायचा नाही. मी त्यांना म्हणायचो, "भाऊसाहेब, जरा तोंड उघडून बोला ओ, माईकचं भाडं फुकट जातंय." ते म्हणायचे, "सुर्वेशेठ, तुम्ही बोलताय ना आमच्या वाटणीचं? मग झालं तर."

सभेचं इतिवृत्त तेच लिहायचे. एकदा मासळी बाजाराच्या शेडवरून याच टेबलावर पाण्याचा तांब्या उडाला होता. कोणी उडवला ते सांगत नाही, तो माणूस आत्ता माईकसमोर उभा आहे. मी इतिवृत्त वाचायला मागितलं. त्यात काय होतं? "विषय क्रमांक सहावर सदस्यांनी सविस्तर चर्चा केली. विषय तहकूब." बस्स. मी म्हटलं, "भाऊसाहेब, तांब्या?" म्हणाले, "तांब्या विषयपत्रिकेवर नव्हता."

हसा हो. त्यांना हसलेलं आवडायचं. वहिनी, तुम्हीसुद्धा.

पण मी आज त्यांचे किस्से सांगायला उठलेलो नाही. मला एक गोष्ट कळत नाही, ती तुमच्यासमोर मांडायला उठलोय. ज्याला विचारायची, तो माणूस फोटोत जाऊन बसला.

तुम्हाला आठवत असेल, पालिकेने पाणी खात्यात मानधनावर एक व्हॉल्व्हमन घेतला होता. जागा एक, अर्ज ढीगभर, आणि चिठ्ठ्या त्याहून जास्त. त्या वर्षी मी पाणी समितीचा सभापती. माझ्या दुकानात सकाळपासून लोक. "शेठ, आमच्या पोराचं बघा." "शेठ, मत तुम्हालाच दिलं होतं." मी सगळ्यांना चहा पाजला आणि सगळ्यांना हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

तेव्हा भाऊसाहेब दुकानात आले. म्हणाले, "सुर्वेशेठ, एक जाड पडदा पाहिजे. आरपार दिसता कामा नये."

"कशाला? नाटक आहे काय?"

"परीक्षा आहे. उमेदवार एका बाजूला, तुम्ही तिघं परीक्षक दुसऱ्या बाजूला. त्याने व्हॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा. तुम्ही ऐकायचं. काम हाताचं आहे, तोंड कशाला बघायचं?"

व्हॉल्व्ह झटक्यात आवळला की पाणी जागच्या जागी अडतं आणि पाईपात दणका बसतो, हे तुम्ही घरात नळ बंद करताना ऐकलं असेल. मोठ्या लाईनला तोच दणका सांधे उखडतो. चांगल्या हाताचा माणूस चाक असं फिरवतो की पाणी झोपी गेल्यासारखं थांबतं. कान असेल तर पडद्यामागूनही कळतं कुणाचा हात कसला आहे. म्हणून परीक्षक आम्ही तिघं: आपले अभियंता, एक निवृत्त फिटर आणि मी.

मी विचारलं, "हे पडद्याचं खूळ कुठून काढलंत?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. आयुष्यात एकदाच सांगितलं. तरुणपणी ते कुठल्याशा कचेरीत मुलाखतीला गेले होते. "आधी नाव विचारलं, सुर्वेशेठ. मग गाव विचारलं. मग वाडी विचारली. वाडी सांगितली, त्यापुढे प्रश्नच आला नाही."

आपण कोकणातली माणसं. वाडी विचारली म्हणजे काय विचारलं, हे मी तुम्हाला फोड करून सांगायला नको.

परीक्षेच्या सकाळी त्यांनी आम्हा तिघांकडून लिहून घेतलं की उमेदवारांत माझा कोणी नातेवाईक नाही. मी बिनधास्त सही केली. माझ्या मते नव्हताच कोणी. उमेदवारांना नंबर दिले. चपला बाहेर काढायला लावल्या. तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी ताकीद.

एक नंबर झाला, दोन नंबर झाला. कुणी दणका देतोय, कुणाचं चाकच फिरत नाही. आठ नंबर बरा होता. मग नऊ नंबर आला.

त्याने चाक फिरवायच्या आधी त्यावर बोटाने दोनदा वाजवलं. टक् टक्.

मंडळी, माझ्या हातातली पेन्सिल पडली. ही माझी सवय. आणि माझ्या दुकानात, माझ्या भोंग्यांमध्ये लहानाचा मोठा झालेल्या एकाच माणसाला ही सवय लागलेली. माझा भाचा दिनेश. मामाच्या नावावर नोकरी नको, म्हणून मला न सांगता त्याने अर्ज केला होता.

मी काय करायला हवं होतं? उठायला हवं होतं. पडदा बाजूला करून सांगायला हवं होतं, "भाऊसाहेब, हा माझा भाचा, मला यातून काढा." एवढं सोपं. पण मी बसून राहिलो. मनात आलं, आत्ता उठलो तर लोक म्हणतील, सुर्व्याने भाच्याला मुद्दाम घुसवला आणि आता साळसूदपणा करतोय. तोवर त्याने चाक फिरवलं. काय फिरवलं म्हणून सांगू! पाणी कधी थांबलं ते कळलंसुद्धा नाही. फिटरने दहापैकी नऊ दिले. अभियंत्याने आठ. आणि मी?

मी चार दिले.

का दिले? आजतागायत मला नीट सांगता येत नाही. तेव्हा वाटलं, मी न्याय करतोय. सख्ख्या भाच्याला चार देणारा सभापती दुसरीकडे दाखवा! छाती अशी फुगली होती. मग कधीतरी वाटायला लागलं, हा न्याय नव्हताच. मी माझी अब्रू राखली आणि खर्च त्याच्या नावावर टाकला. कधी हे खरं वाटतं, कधी ते. तुम्हीच सांगा.

दोन गुणांनी दिनेश मागे पडला. आठ नंबरला नोकरी लागली. आठ नंबर म्हणजे आपला संतोष. तो बघा दाराशी उभा आहे, पाणी सोडायची वेळ झाली की निघेल. संतोष, तू मान खाली घालू नकोस रे बाबा. तुझा हात चांगलाच आहे, सगळं गाव तुझं पाणी पितंय. यात तुझा काडीचा दोष नाही.

निकालावर सह्या झाल्यावर भाऊसाहेबांनी नंबरांची यादी उघडली. नऊ नंबरच्या अर्जावर फोन माझ्या दुकानाचा होता. ते माझ्याजवळ आले आणि त्या बारीक आवाजात विचारलं, "सुर्वेशेठ, नऊ नंबरला चार. ऐकू आलं नाही म्हणून दिलेत, की ऐकू आलं म्हणून?"

मी म्हटलं, "ऐकू आलं नाही. मध्येच रस्त्याने गाडी गेली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कागद फाईलला लावला, फाईलची दोरी बांधली.

त्या संध्याकाळी दिनेश घरी आला. मला काही माहीतच नाही, असं मी दाखवलं. म्हणाला, "मामा, तुला सांगितलं नव्हतं, मीपण बसलो होतो. गेली." मी म्हटलं, "जाऊ दे रे, पुन्हा बस." तर म्हणतो, "नाय मामा. वशिल्याने गेली असती तर शिव्या घातल्या असत्या आणि दुसरीकडे अर्ज टाकला असता. पण पडद्यामागं होतं सगळं. कोणाला माझं तोंड दिसलं नाय, नाव कळलं नाय. म्हणजे माझा हातच वाईट."

ऐकताय ना? परीक्षा चोख होती, म्हणून त्याने ती खरी मानली. भाऊसाहेबांचा पडदा चोख होता. भोक पडलं होतं ते माझ्या कानात. त्या पोराने पान्हे विकून टाकले. आज तो मुंबईत एका बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन आहे. परवा गावच्या पूजेला आला. आता पहिल्यांदाच हे ऐकतोय. मागून तिसऱ्या रांगेत, त्याच्या आईच्या, माझ्या बहिणीच्या सुलभाच्या बाजूला.

आणि भाऊसाहेब? त्या दिवसानंतर जेव्हा जेव्हा भेटले, तेव्हा हसून एकच विचारायचे. "काय सुर्वेशेठ, कान कसे आहेत?" बाजारात, लग्नात, एसटी स्टँडवर. मी म्हणायचो, "ठणठणीत." आणि घरी जाऊन अंथरुणात तळमळायचो. हा टोमणा की चौकशी? माणसाचा सूर ओळखण्यात मी कधी फसलो नव्हतो. त्यांच्या या तीन शब्दांचा सूर मला लागला नाही. त्यांच्या निरोपसमारंभाला मी धीर करून विचारलं, "भाऊसाहेब, तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "काय बोलायचं होतं?" आणि माझ्या पानात भजी वाढली.

मंडळी, हे मला कळत नाही. जो माणूस एका पडद्यासाठी चार दिवस माझ्या दुकानात खेपा घालतो, तो त्याच पडद्याला भोक पडलेलं बघून गप्प का बसतो? संतोषची भाकरी जाईल म्हणून? मला सांभाळलं? की पुराव्याशिवाय लिहायचं नाही, हा त्यांचा बाणा? तांब्यासारखं, की हे विषयपत्रिकेवर नव्हतं? मी उत्तरं लावून लावून थकलो.

पंधरा दिवसांपूर्वी दवाखान्यात त्यांना भेटायला गेलो. वहिनी, तुम्ही तेव्हा गोळ्या आणायला खाली गेला होतात. मी खुर्चीत बसेपर्यंत त्यांनी विचारलंच, "कान कसे आहेत?"

मी म्हटलं, "खरं सांगू? डावा गेला, भाऊसाहेब. डॉक्टर मशीन लावा म्हणतायत."

ते जरा हसले. मग म्हणाले, "दिनेश कुठे असतो हल्ली?"

"मुंबईला. वॉचमन आहे."

"वॉचमन? आणि नळकाम?"

"सोडलं त्याने. म्हणतो, हात वाईट आहे माझा."

ते म्हणाले, "मला वाटलं होतं, तुम्ही त्याला केव्हाच सांगितलं असेल."

एवढंच. राग नव्हता आवाजात. असता तर बरं झालं असतं. इतकी वर्षं त्यांनी धरून ठेवलं होतं की सुर्वे घरी गेला असेल, भाच्याला समोर बसवून सांगितलं असेल, मामा-भाचे भांडले असतील, मिटलं असेल. माझ्याबद्दल एवढं बरं मत या गावात दुसऱ्या कोणाचं नसेल, आणि मला त्याचा पत्ता नाही. मग ते कान कसे आहेत विचारायचे, ते निव्वळ कान कसे आहेत, असंच विचारायचे काय? की हेसुद्धा मी माझ्या सोयीने ऐकतोय? आता कोणाला विचारू?

मी त्यांना म्हटलं, "सांगतो." त्यांनी मान हलवली. तेवढ्यात वहिनी आल्या आणि विषय पेजेवर गेला.

दिन्या, नऊ नंबर तू होतास, हे मला चाक फिरायच्या आधी कळलं होतं. तुझा हात वाईट नव्हता. त्या दिवशी पडद्यापलीकडून आलेल्या सगळ्या हातांत तो उजवा होता. फिटरने नऊ दिले ते बरोबर. मी चार दिले ते खोटे. तुझं वय आता पालिकेच्या अटीत बसत नाही, तेव्हा मी तुला काही परत देऊ शकत नाही. हे एवढंच आहे माझ्याकडे, आणि तेही चारचौघांत देतोय, कारण एकट्यात सांगायला गेलो की माझी जीभ नेहमी विषय बदलते.

सुलभा, रडू नको गो. मागाहून काय ते मला बोल.

भाऊसाहेब, सांगितलं. उशीर झाला, तुमच्यापर्यंत पोचलं नाही. तुम्ही या सभेचं इतिवृत्त लिहीत असतात तर काय लिहिलं असतंत, तेही मला कळत नाही. पण या वेळेला "सविस्तर चर्चा" लिहू नका.

आता सगळ्यांनी उभं राहायचं आहे. रमेश, पंखे बंद कर. मी माईकही बंद करतोय. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही, त्यांच्या आवाजाएवढंसुद्धा नाही.

दिन्या, तुला निघून जावंसं वाटलं तर जा. मी डोळे मिटलेले ठेवीन, बघणार नाही. पण इथल्या खुर्च्या पत्र्याच्या आहेत, सरकल्या की वाजतात, आणि तू उजव्या बाजूला बसला आहेस. तो कान अजून शाबूत आहे.

उभे राहू या.