पलंगाखालचे यान

मानसतज्ज्ञ : आत माणसं चार, झोपायच्या फळ्या चार, टेबल एक, खिडकी एक. खिडकीतून मंगळ दिसतो.

ताई : रंगवलेला.

मानसतज्ज्ञ : हो.

ताई : आणि हे सगळं त्या समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

मानसतज्ज्ञ : आम्ही तिला यान म्हणतो. आठ महिन्यांत दार उघडलेलं नाही.

ताई : दगडाच्या टप्प्यात आहे की. मी या गॅलरीतून हाक मारली तरी माझ्या भावाला ऐकू जाईल.

मानसतज्ज्ञ : जाईल. मग प्रयोग संपेल. खरं यान इतकं लांब गेलं की आवाज पोहोचायला पाच मिनिटं लागतात, म्हणून आम्हीही तो पाच मिनिटं अडवून ठेवतो. जायला पाच, यायला पाच.

ताई : आणि तो बोलत नाही.

मानसतज्ज्ञ : काल दिवसभरात नऊ शब्द. त्यातले पाच 'हो'.

ताई : आमच्या घरात याला गप्पा म्हणतात. मौनी म्हणूनच हाक मारतो आम्ही त्याला.

मानसतज्ज्ञ : पहिल्या महिन्यात रोजचे चारशे होते, डॉक्टर. सलग सात दिवस चाळीसच्या खाली गेले की दार उघडायचं, असा नियम आहे. आज सातवा दिवस. दार उघडलं की चौघांचेही आठ महिने वाया. आणि खऱ्या उड्डाणासाठी तुमच्या भावाचा विचार पुन्हा होणार नाही.

ताई : त्याला आयुष्यात तेवढं एकच हवंय. हा नियम त्याला सांगत का नाही?

मानसतज्ज्ञ : सांगितला तर ते मोजून चाळीस शब्द बोलतील.

ताई : बोलेल. एकेचाळिसावा नाही काढायचा.

मानसतज्ज्ञ : म्हणून तुम्हाला बोलावलं. उत्तर लगेच येणार नाही, हे फक्त लक्षात ठेवा. भल्याभल्यांना जड जातं ते.

ताई : मी दंतवैद्य आहे. समोरचा तोंड उघडून पडलेला असतो आणि दिवसभर मी एकटीच बोलत असते. मला नाही जड जाणार.

मानसतज्ज्ञ : मग प्रश्न विचारा. 'हो' किंवा 'नाही'त संपणार नाहीत असे.

ताई : तुम्ही विचारलेत?

मानसतज्ज्ञ : सहा दिवस.

ताई : मग राहू द्या. त्याला प्रश्न विचारायचा नसतो. त्याच्यासमोर चूक करायची असते. कुणी काही चुकीचं बोललं की त्याला घास गिळवत नाही.

मानसतज्ज्ञ : असं कुठल्या अभ्यासात आलेलं नाही.

ताई : अभ्यास करणाऱ्यांना असा भाऊ नसेल. बटण कुठलं?

मानसतज्ज्ञ : हिरवं. दाबून धरा.

ताई : मौनी, मी बोलतेय. आईचा गुडघा बरा आहे. परवा दवाखान्यात एका मुलीनं विचारलं, चंद्र लहानमोठा का होतो. मी सांगितलं, पृथ्वीची सावली पडते म्हणून. ती आता शाळेत तसंच लिहिणार आहे. आणखी काय? तो जुना पलंग काढून टाकतोय आम्ही. तुझं यान असायचं ना त्याच्याखाली. तू आत, मी बाहेर स्टुलावर, पृथ्वीवरची कंट्रोल रूम म्हणून. एकदा तर अख्खी दुपार बसले होते तुझ्यापायी, लक्षात आहे ना? बरं. ठेवते.

मानसतज्ज्ञ : शेवटचा प्रश्न 'हो'त संपतो.

ताई : सवयीनं निघून गेला. पण सावलीवर तो अडकणारच. आता काय करायचं?

मानसतज्ज्ञ : थांबायचं. फोनवर नुसता एक-दोन सेकंदांचा उशीर झाला तरी माणसाला वाटायला लागतं, पलीकडचा नाराज आहे. दोष यंत्राचा असतो, पण मन माणसाबद्दल कलुषित होतं.

ताई : आणि पाच मिनिटांचा झाला तर?

मानसतज्ज्ञ : तेच शोधतोय आम्ही.

ताई : सावली पोहोचली असेल का एव्हाना?

मानसतज्ज्ञ : अजून नाही.

(दहा मिनिटे जातात. मग आणखी दोन.)

मानसतज्ज्ञ : आलं.

धाकटा : ताई, कला सावलीमुळे होत नाहीत, हे तुला माहीत आहे. तूच मला चेंडू आणि बॅटरी घेऊन शिकवलं होतंस. गळ टाकू नकोस. पण पलंगाची गोष्ट चुकली. तू दुपारभर बसली नव्हतीस. मी दुसरा निरोप पाठवला, इंधन संपत आलंय म्हणून, तेव्हा तू खेळायला निघून गेली होतीस. मला वाटलं, अंतराळ लांब आहे, आवाज पोहोचायला वेळ लागत असेल. म्हणून थांबलो. संध्याकाळी आईनं पाय धरून ओढून काढलं. इथंही तसंच होतं. बोललो की दहा मिनिटं पलीकडे कुणीच नसतं. बाकीच्या तिघांना ते जमतं. मी विचारायचंच सोडून दिलं. विचारलं नाही तर वाट बघावी लागत नाही. बाकी तब्येत बरी आहे. दात घासतो. तू आहेस का अजून तिथं?

मानसतज्ज्ञ : पलंगाची चूक तुम्ही मुद्दाम केली नव्हती.

ताई : नाही. मला बसलेलंच आठवतंय.

मानसतज्ज्ञ : आठवण दर वेळी नव्यानं जुळवली जाते. आपल्या सोयीनं.

ताई : त्याची नाही?

मानसतज्ज्ञ : त्यांचीही.

ताई : आईनं त्याला ओढून काढलं ते मी पाहिलंय. दारातून. माझ्या पायात अजून चपला होत्या.

मानसतज्ज्ञ : ते वाट बघताहेत.

ताई : आहे.

मानसतज्ज्ञ : हिरवं बटण.

ताई : मौनी, आहे. जागची हललेली नाही. इंधन किती उरलंय, सांग.

मानसतज्ज्ञ : पाच मिनिटांनी पोहोचेल. तुमचे पेशंट खोळंबले असतील.

ताई : असू देत तोंड उघडून. किती शब्द झाले त्याचे?

मानसतज्ज्ञ : शहाण्णव.